स्कॉट्स-आयरिश लोक सरहद्दीवरच का वसले? आधी जमिनीचे दस्त बघा

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, उत्तर कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. मुलाला शाळेत स्कॉट्स-आयरिश वसाहतवाल्यांवर प्रकल्प दिलाय. पुस्तकात त्यांना ‘जन्मजात लढवय्ये आणि स्वातंत्र्यप्रेमी’ म्हटलंय. माझा एक सहकारी म्हणतो ते खरे आयरिश नव्हेत, दुसरा म्हणतो खरे स्कॉटिशही नव्हेत. हे नेमके कोण? जंगलाच्या कडेलाच का जाऊन बसले? आणि मूलनिवासींशी त्यांचं एवढं हाडवैर कशामुळे?

उत्तर: मी पेनसिल्व्हेनियात जुन्या जमिनींचे दस्त शोधून देण्याचं काम करते. कुणाला पूर्वजांचं शेत सापडवायचं असतं, कुणाचा बांधावरून वाद असतो. त्यामुळे या लोकांची माझी ओळख पोवाड्यांतून झालेली नाही, मोजणीच्या कागदांतून झाली. कागदांतून दिसतं ते असं: त्यांना कुंपण म्हणून वसवण्यात आलं, एकदा आयर्लंडमध्ये आणि पुन्हा अमेरिकेत. दोन्हीकडे वसवणाऱ्याच्या हातात जमिनीचा भाव होता. ‘रक्तातच लढाई’ वगैरे मला पटत नाही.

आधी ‘कोण’ ते बघू. 1607 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतातले गेलिक सरदार देश सोडून गेले. राजा पहिल्या जेम्सने त्यांच्या जमिनी जप्त केल्या आणि 1609-10 पासून तिथे प्रॉटेस्टंट कुळं आणून बसवायला सुरुवात केली. त्यांत बहुतेक स्कॉटलंडच्या सखल भागातले प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांमधलाच एक पंथ) होते, काही इंग्लंडच्या सीमेवरचे. कॅथलिक आयरिशांना धाकात ठेवण्यासाठी आणलेली ही माणसं. 1689 मध्ये डेरी शहराने 105 दिवस वेढा सोसला, तेव्हा त्यांनी ते काम चोख बजावलं. म्हणजे तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत उतरल्यावर लोक त्यांना सरळ ‘आयरिश’ म्हणत. दुष्काळानंतर 1840 च्या दशकात कॅथलिक आयरिशांचे लोंढे आले, तेव्हा जुन्यांना वेगळी पाटी लावण्याची निकड भासली. 1889 मध्ये तर या नावाची एक राष्ट्रीय सोसायटीच निघाली. तुमच्या पुस्तकातली ‘जन्मजात लढवय्ये’ ही भाषा त्या काळातल्या सत्कार-समारंभांची आहे, अठराव्या शतकाची नाही.

आता ते निघाले का? शाळेत ‘धार्मिक छळ’ शिकवतात. त्यात तथ्य आहे. 1704 च्या कायद्याने प्रेस्बिटेरियनांना सरकारी पदं बंद झाली, त्यांच्या पाद्र्यांनी लावलेली लग्नं सरकारमान्य अँग्लिकन चर्चची न्यायालयं मानीनात, आणि ज्या चर्चचे ते सभासदच नव्हते त्या या चर्चला उत्पन्नाचा दशमांश द्यावा लागे. पण हे सगळं सोसून माणसं राहिली होती. घर सोडायला लावलं ते खंडाने. डेरीच्या वेढ्याच्या त्या युद्धानंतर 1690 च्या दशकात अल्स्टर उजाड होतं, म्हणून जमीनदारांनी लांब मुदतीचे स्वस्त पट्टे दिले. ते 1710 च्या दशकाच्या शेवटी संपू लागले. नवा पट्टा करताना जमीनदार खंड दुप्पट मागू लागले, जो जास्त बोलेल त्याला जमीन. त्यातच पावसाने ओढ दिली. 1718 मध्ये पाद्री जेम्स मॅकग्रेगर यांच्यासारखे लोक अख्खी मंडळी घेऊन बोस्टनला गेले. पुढे 1740-41 च्या दुष्काळाने आणखी एक लाट निघाली, आणि 1770 च्या सुमारास लिननचा धंदा बसला व मोठ्या इस्टेटीवरचे पट्टे संपले तेव्हा आणखी एक. 1718 ते 1775 या काळात किमान एक लाख माणसं गेली. काही अभ्यासक हा आकडा अडीच लाखांपर्यंत नेतात.

इथे एक गोष्ट प्रकल्पात जरूर घाला, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. ही माणसं जहाजात बसली त्यामागे जवस आहे. हो, आपण चटणी करतो तेच जवस. त्याच्या खोडाच्या धाग्यापासून लिनन होतं, आणि धागा तलम हवा तर बी पिकण्याआधीच रोप उपटावं लागतं. मग पुढच्या पेरणीला बी कुठून आणायचं? फिलाडेल्फियाहून. जवसाचं बी भरलेली जहाजं अमेरिकेतून डेरी, बेलफास्ट, न्यूरी या बंदरांत येत. परतीच्या प्रवासात जहाजाचं पोट रिकामं ठेवून जाण्यापेक्षा माणसं भरलेली काय वाईट! म्हणून अल्स्टरचा माणूस न्यूयॉर्कला न उतरता डेलावेअर नदीवर, न्यूकॅसलला किंवा फिलाडेल्फियाला उतरला. अल्स्टरमध्ये एक रीत होती: कूळ निघून जाताना आपला कुळवहिवाटीचा हक्क येणाऱ्याला विकू शके. ज्यांच्याकडे असा हक्क होता त्यांनी तो विकून भाडं भरलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते चार-पाच वर्षांची वेठ लिहून देऊन आले. जहाजाचा कप्तान ती वेठ बंदरावर विकून पैसे वसूल करी.

पेनसिल्व्हेनियात त्यांची गाठ जेम्स लोगनशी पडली. हा प्रांताच्या मालकांचा, म्हणजे पेन घराण्याचा कारभारी, आणि स्वतः अल्स्टरमधल्या लर्गनचा. 1720 च्या सुमारास त्याने सस्कहॅना नदीजवळ ‘डोनेगल’ नावाची वस्ती करवली. नंतर त्याने पत्रात कारण लिहिलं ते असं, की डेरी आणि एनिस्किलन ही अल्स्टरची शहरं ज्यांनी शौर्याने राखलं तशा माणसांची वस्ती सरहद्दीवर असलेली बरी, उद्या काही गडबड झाली तर उपयोगी पडतील. क्वेकर म्हणजे युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ; त्यांच्या त्या प्रांतात फौजच नव्हती. बिनपगारी पहारेकरी मिळत असतील तर कुणाला नकोत?

पण दहा वर्षांत त्याच लोगनचे हात टेकले. उत्तर आयर्लंडची पाच कुटुंबं मला इतर पन्नासांपेक्षा जास्त ताप देतात, असं 1730 मध्ये त्याने लिहून ठेवलंय. त्या साली काही जणांनी पेन घराण्याने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या 15,000 एकरांत, कोनेस्टोगा मॅनरमध्ये, खुशाल झोपड्या उभ्या केल्या. जाब विचारल्यावर त्यांचं उत्तर असं होतं: एवढे ख्रिस्ती लोक भाकरीसाठी जमीन कसायला तयार असताना ती पडीक ठेवणं देवाच्या आणि निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे. हे वाक्य वाचताना मला दरवेळी गंमत वाटते आणि भीतीही. मालकाविरुद्ध वापरलेला हाच युक्तिवाद पुढे त्यांनी मूलनिवासींविरुद्ध जसाच्या तसा वापरला.

कागदाच्या बाजूने बघा. पेनसिल्व्हेनियात जमीन घ्यायच्या तीन पायऱ्या होत्या: आधी वॉरंट (जमीन मोजून द्या असा हुकूम), मग मोजणी, शेवटी पेटंट. पेटंट म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं. 1732 पासून शंभर एकरांचा भाव 15 पौंड 10 शिलिंग होता, शिवाय एकरी अर्धा पेनी सालीना. नुकतीच वेठ संपवलेल्या माणसाकडे इतके पैसे कुठून येणार? तो आधी जाऊन बसे. झऱ्याजवळची चार-दोन झाडं सोलून मारी, सालीवर कुऱ्हाडीने आपली आद्याक्षरं कोरी. याला ‘टॉमहॉक हक्क’ म्हणत. कायद्यात त्याला काडीची किंमत नव्हती, पण शेजारी मानत आणि पुढचा माणूस पैसे देऊन तो हक्क विकतही घेई. मोजणीदार यायला वर्षं लागत. आला की लिहून जाई: पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पर्च हिकरीपर्यंत, तिथून ओढ्याने खाली. एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. ते ओक कधीच पडलेले असतात, म्हणून तर आज माझ्यासारख्यांचं पोट चालतं! पेटंटला उरलेली रक्कम भरावी लागे, त्यामुळे कितीतरी शेतं बापाकडून मुलाकडे गेली आणि पेटंट नातवाने घेतलं.

सरकारने आवरायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सस्कहॅनाच्या पश्चिमेला डोंगरांपलीकडे घुसलेल्यांबद्दल मूलनिवासी जमातींच्या इरोक्वॉय संघाने वारंवार तक्रारी केल्या. मे 1750 मध्ये प्रांताचा सचिव रिचर्ड पीटर्स मॅजिस्ट्रेट घेऊन गेला, लोकांना सामान बाहेर काढायला लावलं आणि झोपड्यांना आगी लावल्या. त्या जागी आजही एक गाव आहे, त्याचं नावच ‘बर्न्ट कॅबिन्स’. चार वर्षांनी, 1754 मध्ये, त्याच सरकारने आल्बनीत इरोक्वॉयांकडून तो मुलूख विकत घेतला आणि जळलेल्या झोपड्यांचे मालक परत येऊन बसले. यातून दोघेही धडा शिकले. वसाहतवाले शिकले की आधी घुसावं, कायदा मागून येतो. लेनापी आणि शॉनी या दुसऱ्या मूलनिवासी जमाती शिकल्या की ज्या जमिनीवर आपण राहतो ती इरोक्वॉय आपल्याला न विचारता विकतात, आणि गोऱ्यांच्या सहीला अर्थ नाही. 1737 मध्ये याच लोगनच्या कारभारात लेनापींची डेलावेअरकाठची जमीन ‘दीड दिवसात माणूस चालेल तेवढी’ म्हणून घेतली, आणि चालायच्या ऐवजी धावणारे गडी लावून गिळली. ते लेनापी विसरलेले नव्हते. 1755 मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडकची फौज फ्रेंच आणि मूलनिवासींनी उधळली, तेव्हा सगळा साठलेला राग सरहद्दीवरच्या शेतांवर कोसळला. घरं जळली, माणसं मारली गेली, बायकामुलं पळवली गेली.

तुमच्या ‘हाडवैर कशामुळे’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पण ते इथे थांबवलं तर खोटं ठरेल, कारण पुढे जे झालं त्याला कुठलाही जमीनदार जबाबदार नव्हता.

1763 च्या डिसेंबरात (आपल्याकडे पानिपताला तीन वर्षं होत आली होती) पॅक्स्टन भागातले पन्नासेक स्कॉट्स-आयरिश घोडेस्वार कोनेस्टोगाला गेले. तिथे कोनेस्टोगा या मूलनिवासी लोकांची एक लहानशी वस्ती उरली होती, एकूण वीस माणसं. प्रांताचा संस्थापक विल्यम पेन याच्याशी झालेल्या तहाच्या भरवशावर ती पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि झाडू-टोपल्या विकून पोट भरत होती. 14 तारखेला घरी सापडलेल्या सहा जणांना मारलं. उरलेल्या चौदांना सरकारने लँकेस्टरच्या वर्कहाउसमध्ये (एक प्रकारचा तुरुंग) कोंडून ‘संरक्षण’ दिलं. 27 तारखेला तेच लोक दिवसाढवळ्या शहरात शिरले, दार फोडलं आणि त्या चौदांनाही मारलं, मुलांसकट. मारेकरी कोण हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. शिक्षा एकालाही झाली नाही. फिलाडेल्फियाचा पुढारी आणि छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन याने या हत्याकांडावर जळजळीत पत्रक छापलं. फेब्रुवारीत शेकडो जण फिलाडेल्फियावर चालून आले, जर्मनटाउनला फ्रँकलिन त्यांना भेटला आणि तक्रार लिहून द्या म्हणून परत फिरवलं.

ती तक्रार वाचण्यासारखी आहे. त्यात एक मुद्दा खरा आहे: पूर्वेकडचे तीन जिल्हे आणि फिलाडेल्फिया शहर मिळून विधानसभेत 26 प्रतिनिधी, आणि सरहद्दीकडच्या पाच जिल्ह्यांना अवघे 10. मार खायला आम्ही, मतं मोजायला तुम्ही. पण त्याच कागदात मूलनिवासींच्या टाळूच्या कातड्यांना बक्षीस लावा अशीही मागणी आहे, आणि गव्हर्नर जॉन पेनने 1764 मध्ये ती मान्यही केली. प्रतिनिधित्वाच्या मागणीला मात्र अमेरिकन क्रांतीपर्यंत थांबावं लागलं. या दोन गोष्टी एकाच कागदात आहेत हे मुलाला सांगा. लोकशाहीची मागणी वेगळी काढून तिचं कौतुक करणारी पुस्तकं भरपूर आहेत.

दक्षिणेकडे ते आले ते मोठ्या वॅगन रस्त्याने: फिलाडेल्फिया, लँकेस्टर, शेनँडोआचं खोरं, आणि तिथून कॅरोलायना. व्हर्जिनियाच्या गव्हर्नर गूचलाही ब्लू रिज डोंगरांपलीकडे कुंपणच हवं होतं. 1738 मध्ये त्याने प्रेस्बिटेरियनांना त्यांच्या पद्धतीने उपासना करू देण्याचं मान्य केलं. तिथे 1739 मध्ये बेंजामिन बोर्डनला मिळालेल्या 92,100 एकरांवर हजार एकरांमागे एक कुटुंब वसवायची अट होती, म्हणून तो झोपडी बांधणाऱ्याला शंभर एकर फुकट देई. एका मोलकरणीने पुरुषी कपडे चढवून, दरवेळी पहिलं नाव बदलून, मालकासाठी पाच-सहा झोपड्यांचे हक्क लावून घेतले, असा किस्सा त्या भागात सांगतात. मला तो खरा वाटतो, कारण तपासायला जाणार कोण?

घरं, शेती, बंदुका यांवर पुस्तकात पानंच्या पानं असतील, मी दोन ओळींत उरकते. लाकडी ओंडक्यांचं घर त्यांनी अल्स्टरहून आणलं नाही. ते डेलावेअरकाठच्या स्वीडिश-फिनिश लोकांचं आणि जर्मनांचं. लांब रायफल पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन लोहारांची, मका मूलनिवासींचा. त्यांचं स्वतःचं होतं ते जवस-लोकरीचं विणकाम, डुकरं-गुरं जंगलात मोकळी सोडून पोसण्याची सवय, व्हिस्की, आणि शिकलेला पाद्रीच हवा हा हट्ट. त्या हट्टातून पाद्री घडवणारं विल्यम टेनंटचं ‘लॉग कॉलेज’ निघालं, आणि त्याच मंडळींच्या पुढाकारातून 1746 मध्ये आजच्या प्रिन्स्टनची सुरुवात झाली. मात्र लॅटिन-ग्रीक येणारे पाद्री जंगलात पुरेनात. ती जागा बॅप्टिस्ट आणि मेथडिस्टांनी भरली, म्हणून आज त्यांचे बहुतेक वंशज प्रेस्बिटेरियन नाहीत.

त्या काळचे साक्षीदार वाचताना तिखट-मीठ वेगळं काढा. चार्ल्स वुडमेसन हा अँग्लिकन पाद्री 1766 पासून कॅरोलायनाच्या आडरानात फिरत होता. प्रार्थना चालू असताना प्रेस्बिटेरियनांनी 57 कुत्री आणून त्यांच्यात झुंज लावली, मी स्वतः मोजली, असं तो लिहितो. मोजणारा माणूस किती वैतागला असेल! पण तो प्रतिस्पर्धी पंथाचा होता, हेही लक्षात ठेवा.

व्हिस्कीचं बंड तुमच्या पुस्तकात ‘करविरोध’ म्हणून असेल. हिशोब साधा आहे: घोडा डोंगर ओलांडताना चार बुशेल (धान्याचं एक माप) राय हे धान्य नेऊ शके, पण व्हिस्की केली तर चोवीस बुशेलचा माल नेई. व्हिस्कीवरचा 1791 चा कर रोख भरायचा होता आणि तिथे रोकडच नव्हती. लोक बंडाला उठले, आणि 1794 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे 13,000 सैनिक घेऊन निघाला. पुस्तकात बहुधा नसेल ते हे, की याच पश्चिम पेनसिल्व्हेनियात मिलर्स रनवर खुद्द वॉशिंग्टनची सुमारे 2800 एकर जमीन होती. त्यावर कट्टर प्रेस्बिटेरियन पंथातली कुटुंबं झोपड्या बांधून बसली होती. 1784 मध्ये तो स्वतः भेटायला गेला, तडजोड झाली नाही, त्याने दावे लावले आणि 1786 मध्ये जिंकले. राष्ट्रपिता वगैरे सगळं खरं, पण तिथल्या लोकांच्या लेखी तो आधी जमीनदार होता.

आणि अँड्र्यू जॅक्सन. आईबाप अल्स्टरमधल्या कॅरिकफर्गसकडून 1765 मध्ये आलेले, जन्म 1767 चा, तुमच्या घराजवळच्या वॅक्सहॉजमधला. दोन्ही कॅरोलायना अजून त्याच्या जन्मस्थळावरून भांडतात. 1814 मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी या मूलनिवासी जमातीचे योद्धे त्याच्या बाजूने लढले. 1830 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने मूलनिवासींना हटवण्याच्या कायद्यावर सही केली, आणि 1838 मध्ये त्याच चेरोकींना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकललं गेलं. त्याचा स्वतःचा मळा गुलामांच्या कष्टावर चालत होता. जमिनीसाठी खंडाला कंटाळून निघालेल्या कुळांचा मुलगा इथवर आला, तो दोन पिढ्याही न लागता.

प्रकल्पासाठी मी सगळा अमेरिकाभरचा पसारा घेऊ नये असं सुचवेन. तुमच्या शहरातच पुरेसं आहे. शुगॉ क्रीक प्रेस्बिटेरियन चर्चचं जुनं दफनस्थान बघा. तिथे पाद्री अलेक्झांडर क्रेगहेड आहेत, मृत्यू 1766. आयर्लंडमध्ये जन्म, लहानपणी बापाबरोबर अमेरिकेत, मग पेनसिल्व्हेनिया, तिथे भांडून व्हर्जिनिया, आणि ब्रॅडकच्या पराभवानंतर जीव वाचवत मंडळीसह कॅरोलायना. नकाशावर एवढी एक रेघ काढली तरी निम्मा विषय मांडून होतो.

दुसरी गोष्ट 1765 ची, त्याच ओढ्याच्या नावाची ‘शुगर क्रीकची लढाई’. लंडनमधल्या जॉर्ज सेल्विन या खासदाराच्या नावावर इथली प्रचंड जमीन होती आणि तिच्यावर लोक आधीच बसलेले होते. एजंट मॅककुलो मोजणी करायला लागला, तेव्हा टॉमस पोकच्या पुढाकाराने विरोध झाला. तोंडाला काळं फासलेल्या जमावाने मोजणीदारांना धुतलं, एकाचं डोकं फुटलं. मार खाणाऱ्यांत अलेक्झांडर आडनावाचे होते, म्हणजे त्यांच्यातलेच. आणि काही वर्षांतच हाच पोक सेल्विनचा एजंट झाला आणि शार्लट शहर वसवणाऱ्यांत गणला गेला. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक त्याच्या भावाचा नातू. हेझेकाया अलेक्झांडरचं 1774 चं दगडी घर अजून उभं आहे, मुलाला घेऊन जा.

दस्त शोधायचे तर एक ध्यानात ठेवा: मेक्लेनबर्ग काउंटी 1762 ची, त्याआधीचे कागद अ‍ॅन्सन काउंटीच्या नावाखाली सापडतील. वॅक्सहॉजकडे दोन्ही कॅरोलायनांची हद्द 1772 पर्यंत पक्की झालेली नव्हती, त्यामुळे आज दक्षिण कॅरोलायनात असलेल्या शेतांचे जुने दस्त उत्तरेच्या दप्तरात निघतात. आडनावाने शोधू नका, एकाच नावाचे चार-चार अलेक्झांडर असतात. ओढ्याच्या नावाने शोधा.